चार हजार दोनशे फेऱ्या

सोम. ३ सप्टेंबर २००७
नगराळे गुरुजींचा लॅपटॉप आज झाला एकदाचा. समुद्रपूरच्या शाळेत संगीत शिकवतात. जुनी डिस्क वीस जीबीची, मिनिटाला ४२०० फेऱ्या, काठोकाठ भरलेली. नवी ऐंशी जीबी, ७२०० ची. दुकान वानखेडे सरांचं; त्यांनीच कपाटातून काढून दिली, मी बसवली. लॅपटॉप चालू व्हायला आधी पावणेचार मिनिटं लागायची, आता दीड. गुरुजी हातातलं घड्याळ बघत बसले होते. हसले.
त्यांची आत्या पार्बताबाई, ऐंशीच्या पुढची. कापूस वेचताना म्हणायची गाणी तिला शंभरावर येतात, कुठेच लिहिलेली नाहीत. गुरुजींना ती रेकॉर्ड करायची आहेत. माइक तीन. एक आत्याला, एक मागे धरणाऱ्या बायांना, एक डफड्याला. म्हणून जलद डिस्क हवी.
विचारत होते, डिस्क मोठी घेतली की लॅपटॉप पळतो का. नेहमीचं सांगितलं : जागा वेगळी, वेग वेगळा. आतली ताटली जितकी जोरात फिरेल तितकं लिहिणं-वाचणं लवकर. जुनी डिस्क छोट्या डबीत घालून परत दिली, यूएसबीला लावून वापरता येईल अशी.

गुरु. २० सप्टें.
गुरुजी भर दुपारी दुकानात. म्हणे शब्द गळून राह्यले.
हेडफोन लावून ऐकलं. पार्बताआत्याचा आवाज... जाड, थोडा फाटलेला, पण काय सूर! अंगावर काटा आला. आणि मधेच टक्. अर्धा शब्द गायब. पाच-सहा ओळी बऱ्या, पुन्हा टक्. तेरा गाणी आणली होती, एकही अखंड नाही.
लॅपटॉप ठेवून घेतला.

शनि. २२ सप्टें.
माइक, केबल, प्रोग्रॅम सगळं पाहिलं. मेमरी कमी आहे, त्यामुळे विंडोज स्वतःचं ओझं डिस्कवरच ठेवतं आणि तिथेच एकाच वेळी तीन आवाज लिहायचे. डिस्कच्या सुईची पळापळ होते. ४२०० ची असती तर समजलं असतं. पण ७२०० ला एवढं झेपायला पाहिजे.
वानखेडे सर म्हणाले, प्रोग्रॅम चोरीचा असेल. मला पटलं. काही फाइली साफ करून लॅपटॉप गुरुजींना दिला.

बुध. २६ सप्टें.
गुरुजी पुन्हा. शब्द अजून गळताहेत. रागावले नव्हते, उलट काहीतरी सापडल्यासारखे उत्साहात. जुनी डिस्क डबीतून लावली, लॅपटॉप चालू केला आणि मला कान लावायला सांगितलं. एकदा लॅपटॉपला, एकदा डबीला.
"ताई, दोन्ही एकाच सुरात फिरून राह्यल्या. वेग वेगळा, तर सूर एक कसा?"
मला दोन्ही नुसतं घूं ऐकू आलं. म्हटलं आकडेच मांडू. ४२०० भागिले साठ, सेकंदाला सत्तर फेऱ्या. ७२०० च्या एकशेवीस. गुरुजींनी डबीच्या घूंवर सा धरला, मग वर जात धैवताच्या आसपास थांबले. एवढं अंतर पाहिजे म्हणाले. शंका म्हणून नाही, निव्वळ कुतूहल. लॅपटॉप ठेवून गेले.
मी हसण्यावारी नेलं. पण घरी बोरगावला येईपर्यंत कानात तेच.

गुरु. २७ सप्टें.

सर जेवायला गेले तेव्हा गुरुजींचा लॅपटॉप लावला. चालू होताना पहिल्या काळ्या पडद्यावर डिस्कचा खरा मॉडेल नंबर दोन सेकंद दिसतो. रोज दिसतो. मी त्यातला फक्त ८० बघते आणि पुढे जाते. आज कागदावर उतरवून घेतला. इंटरनेटवर शोधला. ऐंशी जीबी, फेऱ्या ४२००.
डिस्क काढली. वरच्या लेबलवर दुसराच नंबर, ७२००. कोपऱ्यात नख घातलं. लेबल सुटलं, खाली आणखी एक लेबल. त्यावर पडद्यावरचाच नंबर.
ही डिस्क माझ्या हातानं बसवली

शुक्र. २८ सप्टें.
आज सर येण्याआधी कपाट उघडलं. ७२०० च्या म्हणून ठेवलेल्या सात डिस्क. पाच दुहेरी लेबलच्या.
नागपूरच्या डीलरनं फसवलं असणार. सरांनाही फसवलं असणार. दिवसभर हेच घोकलं. विचारायचं धाडस झालं नाही.

शनि. २९ सप्टें.
गुरुजी लॅपटॉप घेऊन गेले. मी दिला. तीच डिस्क परत बसवून, लेबल दाबून चिकटवून. म्हटलं थोडा वेळ द्या, नागपूरहून दुसरी मागवते. ते खोटं नाही, मागवली आहे, दुसऱ्या दुकानातून. सूर एक का याचं उत्तर त्यांनी विचारलं नाही, मी दिलं नाही.
आत्याला ताप आहे म्हणाले.

सोम. १ ऑक्टोबर
विचारलं.
सर सोल्डरिंगचा डाग देत होते. मान वर न करता म्हणाले, "लेबल मीच लावतो."
डीलरचं नाव घेतील म्हणून मी तयारीत होते. पुढे सरच बोलले.
"जागा पुरी देतो ना आपण? जागा त्याले दिसते. वेग कोणाले दिसते? दोन वर्षांत एक माणूस तरी परत आला काय?"
म्हटलं, एक आला. म्हणाले, तो गवई आहे.
मग शांतपणे समजावलं, आयटीआयच्या वर्गात समजावायचे तसंच. नव्या डिस्कच्या ताटलीवर माहिती दाटीनं बसते, म्हणून फेऱ्या तेवढ्याच असूनही एका फेरीत जास्त वाचून होतं. जुनी भरलेली, नवी रिकामी. वर ताजं विंडोज. माणसाला फरक जाणवतो, तो खूश होऊन जातो. सगळं खरं आहे. त्यातला शब्द न् शब्द खरा, म्हणून जास्तच कसंतरी झालं.
उठताना म्हणाले, "तुले मालूम नव्हतं तवरी तू बी खूशच होती."
९६ साली आयटीआयला सगळी मुलंच होती. बाबा नाही म्हणत होते तर हेच सर सायकलनं घरी आले होते, दोन तास बसले होते. दुकानाची दुसरी किल्ली त्यांनी स्वतःच्या मुलाला दिली नाही, मला दिली.
आठवून आठवून मोजलं. दोन वर्षांत अशा एकवीस डिस्क मी बसवल्या.

मंगळ. २ ऑक्टो.
सुट्टी. नवऱ्याला, विजयला, सांगितलं. एसटीत कंडक्टर आहे, रोज शंभर माणसांशी बोलतो. म्हणाला, "गुरुजीले सांगून मोकळी हो. सरचं मंग पाहू."
मी म्हटलं, गुरुजींना सांगितलं की समुद्रपूरपासून वर्ध्यापर्यंत बोभाटा होईल. सरांना साठाव्या वर्षी लोक चोर म्हणतील.
तो म्हणाला, "मंग काय म्हणाव?"

गुरु. ४ ऑक्टो.
गुरुजींचा फोन. आत्याचा ताप उतरला, स्वतःच म्हणते रविवारी गाते. डिस्क आली का, की आहे तीच चालवू?
सर समोर बसलेले.
मी म्हटलं, "नवी आली नाई अजून. सध्या तशीच चालवा."
हे वाक्य माझं आहे. सरांचं नाही.

सोम. ८ ऑक्टो.
डिस्क आली. सीलबंद. घरी नेऊन आमच्या लॅपटॉपला लावली, पहिल्याच पडद्यावर नंबर तपासला. खरी ७२००. तीन माइक लावून अर्धा तास रेडिओ रेकॉर्ड केला. एकदाही टक् नाही. कान लावला तर आवाज बारीक, चढा. गुरुजी म्हणत होते तसाच. मला सुद्धा कळला.
येत्या रविवारी नेऊन देते.

बुध. १० ऑक्टो.
पार्बताआत्या गेली. पहाटे, झोपेत.
अकराला गुरुजींचा फोन. सांगत होते, रविवारी चार तास गायली, मधे फक्त चहा घेतला. एकोणीस गाणी. त्यातली आठ गुरुजींनीही कधी ऐकली नव्हती. आता मागे धरणाऱ्या बायांना मागचंच येतं, पुढचं कोणालाच नाही.
"तेवढे एकोणीस तरी हाय माझ्यापाशी, ताई."
अजून ऐकली नाहीत. हिंमत होत नाही म्हणे.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं. एकच माइक लावा, बाकी प्रोग्रॅम बंद ठेवा, एवढं म्हटलं असतं तरी त्या डिस्कला झेपलं असतं. लेबल, सर, कोणाचंही नाव न घेता म्हणता आलं असतं. ४ तारखेला. फोनवर. एका वाक्यात.
हे मला माहीत होतं. मी असं शिकवतेसुद्धा लोकांना

शुक्र. १२ ऑक्टो.
दोन दिवस दुकानात गेले नाही. किल्ली विजयच्या हाती सरांकडे पाठवली. सरांनी तशीच परत पाठवली. निरोप : तुझ्यापाशीच राहू दे.
रागावले असते तर बरं झालं असतं.
एकवीस जणांपैकी सोळांची नावं आठवली. कागदावर यादी केली आहे. पोस्टात टाकायची पत्रं की फोन, ठरत नाही.

रवि. १४ ऑक्टो.
समुद्रपूरला जाऊन आले. घाईत लिहिते, उद्या यातलं काही बदलून आठवेल अशी भीती वाटते.
गुरुजी ओसरीत होते. डोकं भादरलेलं, त्यामुळे आधी ओळखलंच नाही. नवी डिस्क समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. लेबल, ४२००, कपाटातल्या पाच. सरांचं नावही घेतलं. कोरडं बोलत गेले, दुसऱ्याचं सांगावं तसं.
ते सगळं ऐकून घेत होते. सरांबद्दल काहीच विचारलं नाही. एकच विचारलं.
"तुमाले कोन्या दिवशी समजलं?"
म्हटलं, सत्तावीस सप्टेंबर.
बोटांवर मोजू लागले. सत्तावीस. मग लॅपटॉप नेला तो एकोणतीस. मग फोन केला तो चार. सातला, आत्या गायली त्या रविवारी, थांबले. हात तसाच धरून बसले. मी माइकचंही सांगितलं, एक लावला असता तर. न सांगता निघता आलं असतं, पण सांगितलं.
ते उठून आत गेले. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं, तिला काही माहीत नव्हतं. ती मला गाडी किती वाजता आहे विचारत होती. साडेचारची होती.
मग आतून लॅपटॉप चालू झाल्याचा आवाज. नंतर बायांची कुजबुज, कोणी खोकलं, डफड्यावर दोन थापा, आणि आत्या.
बायको दारातच खाली बसली.
मी चप्पल घातलेली, पिशवी खांद्यावर. गाणं चालू होतं. पहिली ओळ पूर्ण आली. दुसरी आली. रस्त्यावर साडेचारच्या गाडीचा हॉर्न वाजला.
मी पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर बसले.