करपलेला कोपरा

२ सप्टेंबर

आज अ‍ॅव्हिसने पुन्हा सगळ्यांसमोर काढली माझी! "डेनीस, सात वर्षांत तुला चंद्र काही खाली उतरवता आला नाही, निदान किटली तरी उतरव." (चंद्र उतरवणं म्हणजे देवी अंगात आणणं. मला जमत नाही.) सगळे खो-खो हसले. क्लाइव्ह तर इतका हसला की त्याचा पूजेचा शिंगांचा टोप कानावर आला. मीही हसले. अ‍ॅव्हिससमोर रडायची सोय नाही. रडलं की ती ओटा पुसायचं फडकं हातात देते.

पण खरी बातमी नंतर. चहा ओतता ओतता म्हणाली, "पोटात कॅन्सर आहे. पसरलाय. मी काही वसंत बघत नाही." आणि लगेच, "मेणबत्त्या आणायची पाळी कोणाची होती? का मीच मरायच्या आधी आणू?"

आमच्या चेटूकवाल्यांच्या वर्तुळाची पूजेची काळ्या मुठीची सुरी ती साउइनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या मृतांच्या सणाच्या, दिवशी कोणाच्या तरी पुढ्यात ठेवणार. सुरी ज्याची, वर्तुळ त्याचं. ती मला हवी. इथे लिहायला कसली लाज — हवी म्हणजे हवीच! सात वर्षं या बाईच्या शिव्या खाल्ल्यात, त्या काही चवीला नाही खाल्ल्या.

५ सप्टेंबर

एक मुलगी आली होती, इमोजेन. पिशवीभर रंगीत खडे. आत घ्या म्हणाली. अ‍ॅव्हिसने दारातूनच "नाही" म्हटलं. आमचा नियमच आहे. मागणाऱ्याला दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा मागितलं तर त्याला खरंच हवंय, मग हो म्हणावंच लागतं. तिसऱ्या मागणीला जो नाही म्हणेल तो वर्तुळातला नव्हे.

मुलगी म्हणाली, हे खडे माझ्याशी बोलतात. अ‍ॅव्हिस म्हणाली, "हो का? मग त्यांना विचार, परतीची बस किती वाजता आहे."

मी पहिल्यांदा आले होते तेव्हा अ‍ॅव्हिस मला म्हणाली होती, "नवरा सोडून गेला म्हणून देवी हवीय? देवी म्हणजे काय बदली कामगार आहे?" मी तीन वेळा गेले.

११ सप्टेंबर

आमच्यातल्या नॉर्मनची बायको जूनमध्ये वारली. आज त्याने विचारलं, तिच्याशी बोलता येईल का. अ‍ॅव्हिस विणकाम खाली ठेवून, त्याच्याकडे नीट बघत म्हणाली, "जिवंत होती तेव्हा बोलायचास?" नॉर्मन किल्ल्या चाचपायला लागला. "नाही ना? मग आता कशाला त्रास देतोस तिला?"

तो बराच वेळ बाहेर गाडीत बसून होता. गाडी सुरूच करेना. मला वाटलं, ही म्हातारी दुष्ट आहे, दुसरं काही नाही.

घरी आले आणि बहिणीला फोन केला. वर्षभर केला नव्हता. तीच तर पंचाईत आहे — म्हातारी बोलते ते लागतं, आणि लागतं तिथे औषध असतं! (बहिणीने उचलला नाही. असो.)

१९ सप्टेंबर

जिना चढवेना तिला. दंडाला धरलं तर म्हणते, "हळू! मी काय कोंबडी आहे?"

२६ सप्टेंबर

हे काय नवीनच!

दुपारी अ‍ॅव्हिसची उशी नीट करत होते. भिंतीकडे बघत म्हणाली, "रोझला फोन कर. म्हणावं, आईला भेटायचंय."

रोझ. तिची मुलगी. लीड्सला असते. मी यायच्या आधीची गोष्ट — रोझने आपल्या बाळाला चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा दिला. अ‍ॅव्हिसची नात आणि पाद्र्याच्या हातचं पाणी! "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस," म्हणाली. रोझनेही टाकलं नाही. आईवरच गेलीय.

तेव्हापासून दर साउइनला मुक्या जेवणात रोझचं ताट पलीकडे असतं. मुकं जेवण म्हणजे उंबरठा ओलांडल्यापासून परत बाहेर पडेपर्यंत कोणी एक शब्द बोलायचा नाही. आधी गोड, शेवटी सूप, सगळं उलटं. टेबलाच्या अलीकडे जिवंत, पलीकडे त्या-त्या घरचे मेलेले. त्यांची ताटं उपडी. प्रत्येकाचं ताट अ‍ॅव्हिसच्या कपाटात असतं, माझं निळ्या काठाचं, टवका उडालेलं. पलीकडच्या रांगेत रोझचं ताट तेवढं सरळ. त्यात अ‍ॅव्हिस स्वतः आल्याच्या केकचा करपलेला कोपरा वाढते. जिवंतपणी मेली म्हणून हिणवते, असं क्लाइव्ह म्हणतो. मलाही तेच वाटत आलंय. एवढं कठोर होता यायला हवं, असंही वाटत आलंय.

आणि आता फोन कर म्हणे! ऐन सुरी द्यायच्या वेळी पोटची मुलगी दारात. मग डेनीसने काय करायचं? कप विसळायचे?

२८ सप्टेंबर

फोन केला नाही. "उचलत नाही" म्हणून सांगितलं.

ती म्हणाली, "बरं." एवढंच. मला वाटलं होतं, तोंडावर काहीतरी फेकेल.

६ ऑक्टोबर

दुसऱ्यांदा. "डेनीस, परत लाव ना."

"ना" म्हणाली! अ‍ॅव्हिस! सात वर्षांत तिच्या तोंडून हे अक्षर ऐकलं नव्हतं. फार बरं वाटलं, काय लपवायचंय. एखाद्याला आपल्यापाशी मागावं लागतं तेव्हा खोलीतली हवाच बदलते. तिला इतकी वर्षं असंच वाटत असणार. मजा आहे या कामात.

घरी येऊन खरंच फोन लावला. रोझ लगेच बोलली. आवाज अगदी आईचा. मी म्हटलं, वर्तुळाच्या वतीने कळवतेय, तुझी आई आजारी आहे.

"तिने बोलावलंय का मला?"

"नाही. ती कशाला बोलावेल? साउइनला तुझं ताट अजून मेलेल्यांच्या रांगेत असतं."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अजून मांडते?"

"दर वर्षी."

"काय वाढते?"

हा काय प्रश्न झाला? म्हटलं, "काय वाढणार! केकचा करपलेला कोपरा."

नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि फोन कटला. लागलं असणार चांगलंच.

९ ऑक्टोबर

अ‍ॅव्हिसला सांगितलं, "रोझ म्हणते, माझी आई केव्हाच मेली."

वाक्य माझंच. बसमध्ये जुळवलं होतं.

तिने तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने चहा मागितला. कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडला. मी फडकं आणून तिच्या हातात दिलं. तिचंच शिकवलेलं तिलाच!  

२० ऑक्टोबर

सकाळी गेले तर उठून बसली होती. केस विंचरलेले. म्हणाली, "बस. सुरी तुला देणार आहे. क्लाइव्हला दिली तर तो तिने चीज कापेल."

मी बघतच राहिले! देवी पावली म्हणतात ती अशी. विचारलं, "आणि रोझ?"

"रोझ काय? तिला सुरीचं काय करायचंय? ती रविवारी चर्चमध्ये जाते, जाऊ दे. मला तिचं तोंड बघायचंय, वर्तुळ नाही द्यायचंय." मग खोकली. मग हे — शब्द न् शब्द लक्षात आहे — "तुम्ही सगळे समजता मी तिला मारलं. मेलेल्याला कोणी वाढतं का गं? तिला कोपरा आवडायचा. लहानपणी त्यावरून भांडायची. वर्षातून एकदा पोरीला खाऊ घालायचं होतं, बाकी तोंड उघडून सांगायची माझी हिंमत नव्हती. सात वर्षं तिथे उभी होतीस, डेनीस. ताट सरळ आहे हे दिसलं नाही तुला?"

मी खिडकीकडे बघत होते.

"परत फोन कर. तिसऱ्यांदा मागतेय."

मुद्दाम म्हणाली ते. मला नियम माहीत आहे, तिला माहीत आहे की मला माहीत आहे. काय सांगायचं होतं मी? की सुरीच्या भीतीने खोटं बोलले, आणि सुरी तर आधीपासून माझीच होती? रोझ आली की पहिल्या पाच मिनिटांत सगळं उघडं पडणार. सुरीही जाणार आणि मीही.

म्हटलं, "नाही, अ‍ॅव्हिस. उगाच तुम्हालाच त्रास होईल."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नॉर्मनकडे पाहिलं होतं तसं. "बरं," म्हणाली. "ताटं घासून ठेव जाताना."

२१ ऑक्टोबर

झोप नाही. मी दुष्ट आहे का? की हेच शिकले मी तिच्याकडून? तिचा घाव लागला की माणूस बहिणीला फोन करतो. माझा लागला की नुसताच लागतो.

फोन उचलला होता सकाळी. लीड्सचा नंबर काढला. ठेवून दिला. दहा दिवसांचा तर प्रश्न आहे.

३० ऑक्टोबर

केक केला. आलं, काकवी, ओट, सगळं तिच्याच पद्धतीने. एक कोपरा मुद्दाम करपू दिला. उद्या तो रोझच्या ताटात मीच वाढीन. तेवढं तरी करावं.

काळा झगा इस्त्री केला. आरशासमोर हात पुढे करून पाहिलं, सुरी घेताना कसा दिसेल.

१ नोव्हेंबर

काल दिवेलागणीला गेले. दार रोझने उघडलं.

ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही, उंबरठ्याच्या आत पाय होता. तिने केक माझ्या हातून घेतला, करपलेला कोपरा मोडला आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ला. डोळ्यांतून पाणी, आणि खातेय! म्हणजे फोनवर त्या कोपऱ्याचं सांगून मीच तिला बोलावणं पोचवलं होतं. आत अ‍ॅव्हिस शाल पांघरून बसलेली. लेकीने आणून बसवलेली. शेजारची खुर्ची रोझची, तिचं ताट अलीकडे. सुरी क्लाइव्हच्या पुढ्यात. क्लाइव्हच्या! तो रडत होता. माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिलं नाही. मला खुर्चीच नव्हती. विचारणार तरी कोणाला?

मग माझं निळ्या काठाचं ताट दिसलं. पलीकडच्या रांगेत, उपडं.

जेवण होईपर्यंत उभी राहिले. सगळे उठल्यावर जवळ जाऊन ते उचलून पाहिलं, खाली एखादा घास ठेवलाय का. नव्हता.