पोकळ म्हणून सोडलेलं झाड

रविवार, १२ एप्रिल. सेक्टर ६, भिलाई.

जिंकलो! स्कूटरची धूळ अंगावर तशीच आहे, हातपाय धुवाच्या आधी हे लिहून राहिलो.

मामाच्या गावाजवळचं जंगल साफ करून निलगिरी लावाची का, ते ठरवाले आज दुपारी गावात बैठक होती. कालपर्यंत निलगिरीसाठी सगळ्यात मोठा आवाज मामाचाच. "काय राहिलं बे तिथं? लाकडाच्या ठेकेदाराकडं असताना म्याच तं कापलं." कापलेलं जंगल मेलं नसते, हे मी सांगून थकलो. स्टील प्लांटमधल्या भाच्याचं कोण ऐकते?

म्हणून सकाळीच त्याले त्या जुन्या बेहड्याजवळ ओढून नेलं. मामानं झाड लगेच ओळखलं. "हे पोकळ होतं. कुऱ्हाडीनं ठोकून पाहिलं, लाकूड कामाचं नव्हतं, म्हणून सोडलं."

तेवढ्यात पंख वाजले. धनेश पक्षी चोचीत फळ घेऊन आला. पोकळीचं तोंड मातीनं लिंपलेलं, मधात बारीकशी फट; आत मादी पिल्लायसाठी स्वतःले कोंडून बसलेली. त्या फटीतून तिची चोच बाहेर आली अन् त्यानं तिले फळ भरवलं. मामा हळूच दोन पावलं मागं सरला. मले कावून रडू आलं, काय माहीत.

दुपारी बैठकीत मामाच पहिले उठला. "मी चुकलो. तिथं लेकरंबाळं आहेत. निलगिरी नाई पाहिजे." झालं! सगळ्यायचे हात वर.

निघताना त्यानं माझी स्कूटर धरली. "बाबू, पोकळ म्हणून सोडलेले आनखी लय आहेत. सगळे माह्या ध्यानात आहेत. चाल, दाखवतो."