ढगांचा निर्णय माझा

११ नोव्हेंबर, बुधवार
शनिवारच्या आकाशदर्शनासाठी आमच्या खगोल मंडळाने मला हवामानप्रमुख नेमलं. थांबायचं की आवरायचं, शेवटचा शब्द माझा. अकरा वर्षांनी का होईना, डोकं असलेला माणूस ओळखला गेला. आमचा सेक्रेटरी दातांचा डॉक्टर आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं, असं म्हणाला. जळतो लेकाचा.

१२ नोव्हेंबर
बायको पहिल्यांदाच येणार. अट घातली आहे. माझ्या दुर्बिणीतून शनीची कडी दिसली तर मागची खोली दुर्बिणीची. नाही दिसली तर खोलीत शिलाई मशीन आणि दुर्बीण माळ्यावर. मी लगेच हो म्हणालो. बिचारीची कीव आली.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
पाऊस. किळसवाणा, चिकट.

सकाळी ११
कडक ऊन. मी म्हणालोच होतो. निदान मनात तरी होतं.

दुपारी ४
पुन्हा ढग. डॉक्टरचा तिसरा फोन, जायचं का म्हणून. जायचं, असं ठोकून दिलं. बाहेर बघितलंसुद्धा नाही. अनुभव कशाला म्हणतात मग.

संध्याकाळी ७
मंडळाच्या बसने गावाबाहेरच्या मैदानावर आलो. आकाश साफ, बाकी सगळी घाण. बुटांत चिखल, कानात डास, संडासाकडे बघवत नाही. एका काकूंनी पर्स शोधायला थेट माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारला. डॉक्टर दिसेल त्याला आपल्या दुर्बिणीत डोकावू देतो. लोक चिप्सच्या बोटांनी काच चाचपतात. शी. मी माझ्या दुर्बिणीला कुणाला हात लावू दिला नाही. आजूबाजूचा उजेड नको म्हणून डोक्यावरून जाड काळी चादर घेतली. मुरलेले निरीक्षक असंच करतात.

रात्री ८.१०
शनी सापडणारच होता, तेवढ्यात ढग. सगळं दुधाळ. चादरीतूनच जाहीर केलं की कार्यक्रम संपला. बायको बाहेरून म्हणाली, चांदण्या तर दिसतायत. पातळ ढग साध्या डोळ्यांना दिसत नसतात, हे तिला शांतपणे समजावलं. चाळीस माणसं मुकाट्याने बसमध्ये जाऊन बसली. याला म्हणतात वजन.

रात्री ८.४०
डॉक्टरने न विचारता चादर उचलली आणि रुमालाने माझी काच पुसली. ढग नव्हे, माझ्याच श्वासाची वाफ, म्हणे. वर बघितलं तर आकाश लख्ख. मी दुर्बीण वळवेपर्यंत खरोखरचे ढग आले, मागोमाग पाऊस. बसच्या खिडक्यांतून जे ऐकू आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.
बायकोने मधल्या वेळात डॉक्टरच्या दुर्बिणीतून कडी बघून घेतली. ते धरणार नाही, अट माझ्या दुर्बिणीची होती, असं मी ताडकन सुनावलं. यात नुकसान माझंच आहे, हे बसमध्ये लक्षात आलं.

१५ नोव्हेंबर, रविवार
मशीन मागच्या खोलीत गेलं. दुर्बीण मीच माळ्यावर चढवली, कंबर धरली. मंडळाचा मेसेज आला. यापुढे हवामानप्रमुख बायको. तिला मान वर करून बघता येतं, एवढीच पात्रता.
जेवताना ती अर्धा तास शनीबद्दलच बोलत होती. एवढासा, पिवळसर, आणि भोवती खरीखुरी कडी. इतकी वर्षं मी तिथे का जातो ते आता कळलं, म्हणाली. दर वेळी एवढाच स्वच्छ दिसतो का, असं तिने विचारलं.
मी हो म्हणालो. मला अजून एकदाही दिसलेला नाही.