मावशी, तू पाच वेळा वारलीस

तीर्थस्वरूप तुळजामावशीस,

शिवशंकरचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? एरवी हे रीत म्हणून विचारतो, या वेळी खरंच उत्तर हवंय, कारण आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या हिशेबी तू पाच वेळा वारली आहेस. (गुडघ्यांना तेल लावतेस ना?)

त्याचं असं झालं. मालकांनी दिवाळीला कामगार पारखणारं मशीन आणलं. (मशीन कसलं, कॉम्प्युटरच तो.) कोण कामाचा, कोण लबाड, हे त्यानं आमचे जुने रजेचे अर्ज वाचून आपलं आपण शिकायचं. आता चकलांबा आईचं माहेर. तिथली तिच्या वयाची प्रत्येक बाई माझी मावशीच. कौशल्याबाई गेल्या, सारजाबाई गेल्या, प्रत्येकीच्या मातीला मी गेलो आणि अर्जात 'मावशी वारली' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पण नोकरीला लागताना नातेवाइकांच्या फॉर्मात सख्खी मावशी एकच लिहिलेली, तू. मशीननं सगळी मरणं तुझ्या नावावर चढवली, मला लबाड ठरवलं आणि सोमवारपासून कामावर येऊ नये अशी नोटीस काढली. खाली लिहिलंय, संगणकीय नोटीस असल्याने सहीची गरज नाही.

तडक मॅनेजर त्रिंबकरावांकडे गेलो. तेही चकलांब्याचेच, सारजाबाईंच्या तिरडीला पुढून एक खांदा माझा होता, एक त्यांचा. म्हणाले, "शिवा, मला समदं ठाव हाय बे. पण मशीननं काढलं तुला, म्या न्हाई." मालक म्हणतात, मॅनेजरला विचारा. वकील म्हणतो, बाजू न ऐकता काढणं बेकायदा आहे, पण आधी हे सांग, काढलं कुणी? मावशी, जिवाला थारा नाही बघ. कुणाशी भांडावं तेच कळेना, म्हणून घरी येऊन मंगलशी भांडतो. तीही आता चहाचा कप आदळून ठेवते. दोन लेकरांची शाळा या नोकरीवर आहे, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

काकांना नमस्कार, वासराला माझ्या वाटचा गूळ.

तुझा,
शिवशंकर

ता. क. शनिवारी तुला न्यायला येतोय. मालकांपुढे उभी राहा आणि खणखणीत बोल. त्या दिवशी तेवढी गुडघ्यांची तक्रार करू नकोस.

आणखी ता. क. शनिवारच्या रजेला खरं कारण लिहिलं, 'मावशी जिवंत आहे हे दाखवायला तिला आणायचंय.' नामंजूर. मग 'मावशी वारली' लिहिलं. लगेच मंजूर! (रजा देणारं मशीन वेगळं, संशय घेणारं वेगळं म्हणे; दोघांची बोलचाल नाही.) तेव्हा सकाळी तयार राहा. सोबत निरोपही आलाय, कंपनी आपल्या दुःखात सहभागी आहे. त्यावरही सही नाही.