धुऱ्यावरचा दाखला

लीड्स, ५ जानेवारी २०२५

ती. मोठेबाबा यांना गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. इथे मी बरी आहे, थंडी मरणाची आहे आणि कायद्याचा अभ्यास मानगुटीवर बसलाय. ही झाली खुशाली. आता राग.

मंदाबाईंचा फोन आला होता. कैलासदादाचं शेत आणि माझं, यांच्यामधल्या धुऱ्यावरून त्या जन्मभर आपल्या शेतात जातात. त्यांना दुसरी वाटच नाही. तिथे दादाने काटेरी तार ठोकली म्हणे. वांगी झाडावर पिवळी पडली, सांभाराच्या जुड्या खुडायच्या राहून फुलावर आल्या आणि बाजाराला एक टोपली गेली नाही. त्या तुमच्याकडे आल्या, तर तुम्ही म्हणालात, पाहू. गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष तुम्ही. तार दुसऱ्या कुणाची असती तर संध्याकाळपर्यंत समिती बसली असती. पोटच्या पोराची आहे, म्हणून पाहू?

माझं एकच ऐका. आधी गावचा दाखला काढा, मग पुढचं बोलू.

रागावले तरी तुमचीच,
गुंजन

---

२ फेब्रुवारी २०२५

चि. गुंजन हिस तुझ्या मोठेबाबांचे, बापूजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा दाखला काढला. एसटीने समुद्रपूरला गेलो, लाइनीत उभा राहिलो. खिडकीवरच्या बाईने विचारले, उत्पन्नाचा, जातीचा का रहिवासी. मी म्हटले, पोरगी इंग्लंडात हाय, तिले गावचा पाह्यजे. तिने रहिवासी काढून दिला. सोबत आहे. तिकडच्या गोऱ्यांना आपल्या गावाचा दाखला काऊन लागतो, ते देवाला ठाऊक.

तारेचे म्हणशील तर रानडुकरे शेत खाऊन राह्यली, म्हणून कैलासने ठोकली. तू तिकडे बसून इथल्या धुऱ्यात लक्ष घालू नको. दुरून डोंगर साजरे, बाई. आई-बापामागे पुतणीला वाढवले ते आमची उलटतपासणी घ्यायला नाही.

संक्रांतीला तुझ्या आईच्या, आनंदाबाईच्या, समाधीच्या ओट्यावर दिवा लावला. ओटा धुऱ्याला लागून, तिथे तण फार माजते. ते कैलासनेच उपटले. ज्याला तू नावे ठेवतेस, त्यानेच.

राग निवला की लोभ कर.
बापूजी

---

लीड्स, २० फेब्रुवारी २०२५

ती. मोठेबाबांना शि. सा. न.

दाखला मिळाला. आधी इतकी हसले की शेजारची मुलगी दार वाजवून गेली. मग तुम्ही माझ्यासाठी लाइनीत उभे राहिलात हे आठवून रडू आलं. पण राग तसाच आहे.

मोठेबाबा, हा दाखला नव्हे. मागे असाच तंटा झाला तेव्हा काय निकाल दिला, तो दाखला. इथला बराच कायदा पार्लमेंटने केलेला आहे. पण बराचसा न्यायाधीशांच्या निकालांतून घडत आलाय. वरच्या कोर्टाने एकदा निकाल दिला की तशाच तंट्यात तो खालच्या कोर्टांना बांधतो. पक्षकार आवडता असो की नावडता. सगळ्यात वरचं कोर्ट आपला जुना निकाल मोडू शकतं, पण क्वचित, आणि कारण उघड सांगून. बाकीच्यांना सुटायचं असेल तर हा तंटा खरोखर वेगळा आहे, हे दाखवावं लागतं. पाहू म्हणून चालत नाही. राजाच्या पोरालाही कायदा असतो, असं इथे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मला ते तुमच्याकडे पाहून आधीच पाठ होतं, म्हणून जास्त संताप येतो.

रूपरावकाका आणि वासुदेवरावांचा तंटा आठवा. मी शाळेत होते, समितीच्या सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होते. तुम्ही निकाल दिलात: ज्याच्या शेताला दुसरी वाट नाही, त्याला धुऱ्यावरून वाट, रुंदी बैलबंडीची, दोन्ही शेतांतून निम्मी-निम्मी. रूपरावकाकांनी वडिलांनी लावलेली चिंच त्यासाठी स्वतःच्या हाताने तोडली. त्यांच्या चिंचेला कायदा आणि तुमच्या पोराच्या तारेला रानडुक्कर?

आणि पोराच्या तंट्यात बापाने न्यायाला बसायचं नसतं. वासुदेवरावांना बसवा, तेही आता समितीत आहेत. तुमचा जुना निकाल शब्द न शब्द लावा. नाहीतर मी कायदा शिकते हे गावात सांगू नका.

लोभ असो नसो, उत्तर यावं.
गुंजन

---

२५ मार्च २०२५

चि. गुंजन हिस आशीर्वाद.

तुझे पत्र कैलाससमोर मोठ्याने वाचले. तो उठून शेतात निघून गेला. मग समिती बोलावली. वासुदेवराव वर बसले, मी खाली कैलासच्या शेजारी. या वयात खाली बसलो, हे लक्षात ठेव.

निकाल तोच लागला, शब्द न शब्द. तार त्याच दिवशी काढली. मंदाबाई टोपल्या घेऊन जाते आता, पण पायीच. बंडी अजून जात नाही. का जात नाही, ते विचार.

निम्मी वाट कैलासकडून आणि निम्मी तुझ्या शेतातून, आणि तुझ्या निम्म्यात आनंदाबाईचा ओटा येतो. हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होते. समिती बसली असती तर माझ्याच तोंडून तुझ्या आईचा ओटा उठला असता. म्हणून मी पाहू म्हणालो. पोराला पाठीशी घालतो असे गाव म्हणाले, तूही म्हणालीस. म्हणू दिले. तू मात्र इंग्लंडातून कायदा पाठवत राहिलीस.

सभेत एकाने सुचवले की पोरगी परदेशात, तिचे शेत सोडा, हा तंटा वेगळा म्हणा. तेव्हा रूपराव उठला. माही चिंच तोडली तवा काऊन नाई वेगळं म्हटलं, एवढेच विचारून खाली बसला. वासुदेवरावांनी निकाल तसाच लिहिला.

ओट्याला कोणी हात लावलेला नाही. शेत तुझे, शब्द तुझा. मला आता काही सांगता येत नाही.

बापूजी

---

लीड्स, १० एप्रिल २०२५

ती. मोठेबाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी जेवले नाही. तुमचा फार राग आला. आईचा ओटा होता, तर मला का नाही सांगितलंत? मी इतकं तोडून बोलले, ते ऐकून घेतलंत, पण ही एक गोष्ट सांगितली नाहीत. असा लळा मला नको. मग स्वतःचा राग आला. निम्मी-निम्मी हे मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना निम्मं कुणाचं, याचा विचार शिवला नाही.

हा तंटा वेगळा आहे असं दाखवायला मी दोन रात्री कारणं शोधली. शिकलेच आहे ते. एकही रूपरावकाकांसमोर उभं राहून सांगता येण्यासारखं नव्हतं.

तुम्ही पाठवलेला दाखला टेबलावर आहे. मी त्या गावची रहिवासी आहे असं त्यावर शिक्क्यानिशी लिहिलंय. मग निकाल मलाही लागू.

ओटा उचला. माझ्या शेतात आत घ्या, विहिरीपाशी. पहिली वीट कैलासदादाने काढावी, तण तोच काढतो. आणि पहिली बंडी जाईल तेव्हा तुम्ही तिथे उभे राहा. मला तिथे असता येणार नाही.

राग दोघांनीही ठेवावा, लोभ त्याहून थोडा जास्त.
तुमची गुंजन