बोटीवरची शेवटची ड्युटी

प्रिय बाबा,

मघाशी रत्नागिरीहून वसंतकाकांचा फोन आला होता. तुमच्याबरोबर बोटीच्या इंजीनरूममध्ये तेल घालायचे ना, तेच. "शेवटी काय म्हणाला गं तो? त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, "नाही काका, शांत गेले. झोपेतच." धडधडीत खोटं! फोन ठेवला आणि कागद पुढ्यात ओढला. हे तुमच्याशी नाही बोलायचं तर कोणाशी बोलू? म्हणून लिहायला बसलेय.

तुम्हाला लखनौला मीच आणलं. आई गेल्यावर "एकटे काय करणार तिथे?" म्हणत तुमचं काही ऐकूनच घेतलं नाही. गोमती नगरातला चौथा मजला, खाली ई-रिक्षांचे भोंगे. तुम्ही एकदाच म्हणालात, "बायो, इथल्या वाऱ्याला वासच नाही गं." मी हसले होते. कशाला हसले?

बोटीबद्दल मात्र किती बोलायचात! डेकवर सतरंज्या टाकून बसलेले चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, कोणाच्या तरी सुटलेल्या कोंबड्या, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाया. एक तर वाटेत बोटीवरच बाळंत झाली, आणि तुम्ही खालून गरम पाण्याच्या बादल्या वर पोचवल्यात. हे सांगताना अशी काही मान ताठ करायचात, जणू बारशाचा पहिला मान तुमचाच!

मग एकाहत्तरची लढाई लागली. त्याच बोटीला राखाडी रंग फासला, खिडक्यांच्या काचा काळ्या केल्या. जाताना जवान, येताना पहिल्या वर्गाच्या जेवणघरात जखमी निजवलेले. तुम्ही जेमतेम बावीस वर्षांचे. लढाई संपल्यावर पुन्हा पांढरा रंग, पुन्हा आंबे. "डेक घासून घासून लख्ख केला होता," तुम्ही म्हणायचात, "तरी पहिल्या खेपेला मला त्या जेवणघरात पाऊल टाकवेना."

तुमचा एक नियम होता. ड्युटी संपली तरी जागा सोडायची नाही. पुढच्या माणसानं येऊन स्वतः इंजिनाला हात लावायचा, किती तापलंय ते बघायचं आणि म्हणायचं, "घेतली ड्युटी." तेव्हाच वर जायचं. आणि बंदर आलेलं असेल, तर शेवटचा माणूस किनाऱ्याला नेणाऱ्या मचव्यात उतरेपर्यंत तुम्ही खालीच. लढाईत तर दोन-दोन दिवस बदली मिळायची नाही. आई वैतागून म्हणायची, "त्या बोटीशीच लग्न करायचं होतं!"

पुढे रस्ते झाले, एसट्या झाल्या, बोटीला माणसं मिळेनात. गुजरातच्या किनाऱ्यावर तिला मोडायला नेलं. ते तुम्ही कधी तोंडून काढलं नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात तुमचं भान सुटत गेलं. कूलर घरघरायला लागला की त्याच्या पत्र्यावर पंजा ठेवून उभे राहायचात. दुपारभर! पाय सुजून भोपळ्यासारखे झाले. "बसा हो बाबा!" "कसा बसू? ड्युटी घ्यायला कोणी आलं नाही अजून."

तुमची नात केतकी म्हणाली, "मम्मी, बोल दो ना यार, क्या जाता है?" मी तिच्यावरच खेकसले. म्हटलं, त्यांच्या वेडात मी वेडी होणार नाही, खरं आहे ते त्यांना कळलंच पाहिजे. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढल्या ना मी! वडिलांचीही चूक दुरुस्त करायला निघाले. नियम मला लहानपणापासून पाठ होता, बाबा. पत्र्याला हात लावायचा आणि दोन शब्द म्हणायचे. एवढंसुद्धा जमलं नाही मला.

त्या दुपारी तुम्ही चौथ्यांदा विचारलंत आणि मी ओरडले, "बोट नाही आता! मोडली ती! केव्हाच भंगारात गेली!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अगदी हळू विचारलंत, "मग माणसं उतरली का गं सगळी?"

"मला काय माहीत!" असं म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले. भांडी आपटत बसले. थोड्या वेळानं केतकीची किंकाळी ऐकली. तुम्ही कूलरपाशीच घसरून खाली बसला होतात. डोळे उघडे, दाराकडे लागलेले.

झोपेत म्हणे!

महिना झाला, बाबा. लोक म्हणतात, होईल हळूहळू सवय. मला तर रोज थोडं जास्तच कळतंय, मी काय केलं ते. तुम्ही चिडला असतात, शिवी हासडली असतीत तरी बरं झालं असतं. तुम्ही माणसांची चौकशी केलीत.

उद्या सकाळी मी वसंतकाकांना फोन करणार आहे, हा शब्द देते. आधी खरं काय झालं ते सांगेन. वाट्टेल ते बोलले तरी ऐकून घेईन, फोन ठेवणार नाही. मग विचारेन, "काका, बोटीच्या शेवटच्या खेपेला माणसं उतरली होती ना हो सगळी?" ते हो म्हणतील, मला ठाऊक आहे. पण ते आता मी कोणाला जाऊन सांगू?

तुमची,
सुनंदा