उजवीकडं दोन बोटं कमी

२१ जानेवारी १९९६, रविवार

मुलगी झाली! गुरुवारी पहाटे, लासुर्ण्याला, मनिषाच्या माहेरी. आई-आप्पा एसटीनं जाऊन बघून आले. आई म्हणते नाक माझं आहे. आप्पा म्हणतात अजून काय कळत न्हाय. मी सणसरमध्ये घरोघर बर्फी वाटली आणि दोन घरी चुकून दोनदा वाटली.

मी अजून गेलो नाही. त्याला कारण आहे. दारात स्वतःची स्पोर्ट कार असताना जावयानं एसटीतनं उतरायचं, ते बरं दिसत नाही.

गाडी दिवाळीत पुण्याहून आणली. खाली कुठल्याशा जुन्या मोटारीचं इंजिन आणि चाकं, वर फायबरची लाल बॉडी. दोनच सीट. छप्पर निघतं. परत बसत नाही, पण आपल्याकडं पाऊस पडतो कुठं? फक्त मागनं उजवी बाजू दोन बोटं खाली बसली आहे. किरकोळ काम. पुढच्या रविवारी सिद्धू आणि राम येतील. सिद्धूचं स्टँडवर पंक्चरचं दुकान आहे, राम हायस्कूलला गणित शिकवतो आणि मी बारा वर्षं विहिरीच्या मोटारी रिवाइंड करतोय. मोटार ती मोटार. दुपारपर्यंत गाडी सरळ, संध्याकाळी मी लेकीजवळ.

बारसं सव्वा महिन्यानं, २५ फेब्रुवारीला. नाव मी ठरवलं आहे. कुणालाच सांगितलेलं नाही. हितंही लिहीत नाही. पाळण्यापाशी उभा राहून एकदम सांगणार.

२२ जानेवारी

आईनं आज हळूच एक सांगितलं. लासुर्ण्यात धाकटा मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला, दाजींची गाडी मागनं बघितली की खांबापाशी उभ्या कुत्र्याची आठवण येते. सगळे हसले. मनिषाही हसली का, ते आईनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता गाडी सरळ केल्याशिवाय लासुर्ण्यात पाऊल टाकणार नाही. ठरलं.

२८ जानेवारी, रविवार

सिद्धू दहाला यायचा तो दुपारी एकला आला. राम वेळेवर आला पण पांढऱ्या पायजम्यात. गाडी जुन्या गोठ्यात घेतली. जर्सी गाया नव्या शेडला गेल्यापासून तो मोकळाच आहे, खाली सिमेंटचा छान कोबा आहे, जॅक रुतत नाही.

चाक काढलं. चाकामागं लोखंडी पट्ट्यांचा जुडगा असतो, त्याला पाटा म्हणतात. सिद्धू म्हणाला पाटा बसलाय. राम म्हणाला बसलाय म्हणजे किती, आकडा सांग. सिद्धू म्हणाला आकडा तुझ्या वर्गात सांग. मी मध्ये पडलो. मग तिघांनी आळीपाळीनं पाट्याला हातोडा मारला. चाक परत बसवलं. दोन बोटं होती तशीच.

पण आज निदान झालं. निदान म्हणजे निम्मं काम.

३१ जानेवारी

आप्पा लासुर्ण्याला जाऊन आले. मनिषाचा निरोप आहे की गाडी राहू द्या, तुम्ही या. आप्पांनी स्वतःचंही जोडलं. म्हणाले, गाडी लंगडी हाय, तू धड हायेस न्हवं, मग जा की.

बायकांना सरप्राइज ही गोष्ट कळत नाही. आप्पांनाही नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

आज कामाला शास्त्रीय वळण. रामच्या घराचं बांधकाम चालू आहे. तिथनं त्यानं गवंड्याची पाण्याची नळी आणली. प्लॅस्टिकची लांब नळी, आत पाणी. एक टोक डाव्या मडगार्डला, एक उजव्या. पाणी दोन्हीकडं एकाच पातळीत राहतं, त्यावरनं किती फरक आहे ते बिनचूक कळतं. राम म्हणाला, डोळा फसतो, पाणी फसत नाही.

फरक निघाला चार बोटं! आम्ही इतके दिवस दोनच समजत होतो. मी गार पडलो. पण राम म्हणाला, बरं झालं मोजलं, अंदाजानं केलं असतं तर काम अर्धवटच राहिलं असतं. खरं आहे. शिकलेला मित्र असावा.

उपाय सिद्धूचा. उजव्या पाट्यात एक पट्टी जादा घालायची. ऊस वाहायच्या मोडक्या ट्रॉलीची त्याच्या दुकानामागं पडून आहे. मी विचारलं ट्रॉलीची जड नाही का होणार? तो म्हणाला दोन-तीन टन ऊस पेलती, तुला पेलायची न्हाय व्हय? या वाक्यात काहीतरी टोमणा होता, पण काम महत्त्वाचं म्हणून सोडून दिलं.

११ फेब्रुवारी, रविवार

ट्रॉलीची पट्टी कापून, भोक पाडून, ठोकून बसवली. सिद्धूचा अंगठा ठेचला. नळी लावली. पाणी दोन्हीकडं अगदी सारखं! आम्ही तिघं गोठ्यात उभं राहून बराच वेळ नुसतं पाण्याकडं बघत होतो. मला एकदम पोरगी आठवली. राममास्तरांचेही डोळे भरून आले, पण ते बहुतेक ग्रीसमुळं. स्टँडवर जाऊन भेळ खाल्ली.

मग गाडी ऐटीत रस्त्यावर काढली.

डावी बाजू दोन बोटं खाली.

सिद्धू म्हणाला रस्ता वाकडा असंल. गाडी उलटी फिरवून उभी केली. तरी डावीच खाली. पारावरचे म्हातारे उठून बघायला आले. एक जण म्हणाला, कुत्र्यानं पाय बदलला. म्हणजे मेव्हण्याची गोष्ट गावात पोचली आहे.

गाडी परत गोठ्यात. नळी लावली. पाणी सारखं. रामनं तीनदा लावून बघितली. शेवटी म्हणाला मी घरी जातो, पेपर तपासायचे आहेत.

१२ फेब्रुवारी

सकाळी आई गोठा धूत होती. कळशीभर पाणी तिनं कोब्यावर ओतलं आणि ते गाडीखालनं सरळ उजवीकडच्या मोरीत गेलं. झाडू लावायचीही गरज पडली नाही.

गोठ्याच्या कोब्याला ढाळ असतो. असावाच लागतो. गाईचं मूत आपोआप मोरीला लागावं आणि गोबरगॅसच्या टाकीत जावं म्हणून. हे पोराटोरांना माहीत आहे. सिद्धूला माहीत आहे, रामच्या घरी तर दोन गोठे आहेत. आणि हा कोबा करताना गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, ढाळ चांगला दोन बोटं काढ, असं मीच त्याला बजावलं होतं.

म्हणजे गाडी वाकडी दोन बोटं, जमीन वाकडी दोन बोटं. पाणी फसलं नाही. आम्ही फसलो.

आईला काही बोललो नाही. सिद्धू आणि रामला सांगितलं की ट्रॉलीची पट्टी हलक्या लोखंडाची निघाली, ती काढायची आहे. नळीची कल्पना मुळात रामची होती, हे नोंदवून ठेवतो.

१७ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपाशीपोटी पट्टी काढायला घेतली. ती निघेना. निघाली तेव्हा सोबत एक बोल्टही तुटून आला. साबुदाण्याच्या खिचडीनं अंगात जोर येत नाही.

सिंधूताई वडगाव निंबाळकरहून आली. बारशाला आत्या तीच. बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव तिनंच सांगायचं आणि मग बायकांचे धपाटे पाठीत खायचे. गोठ्याच्या दारात उभी राहून नाव विचारत होती. मी गाडीखालनंच सांगितलं, बारशाला कळेल. ती म्हणाली, “आन तू वेळंवर न्हाय आलास तर?”

मी हसलो. आपल्या पोरीच्या बारशाला कोण येत नाही?

ताई हसली नाही. म्हणाली, महिना झाला रं दादासाहेब, तू अजून पोरीचं तोंड बघितलं न्हाईस. एवढं बोलून आत गेली. मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. मी गाडीखाली तसाच पडून राहिलो. मग म्हटलं, आलोच आहे खाली तर दुसरा बोल्टही बघावा.

१८ फेब्रुवारी, रविवार

बारामतीला जाऊन बोल्ट आणला. तो या गाडीचा नव्हता. उद्या बदलून आणणे.

१९ फेब्रुवारी

आणला. ट्रॉलीच्या पट्टीऐवजी आता बाभळीची पाचर घालायची. रामनं जागा निवडली, हायस्कूलच्या व्हरांड्यासमोरची फरशी. तिथं नळी आधी फरशीला लावून बघणार, मग गाडीला. माणूस शिकतो.

२१ फेब्रुवारी

फरशी सपाट. पाचर बसली. गाडी सपाट. डोळ्यालाही आणि पाण्यालाही.

मग मी आत बसलो. मागं एकदम शांतता. उतरून विचारलं काय झालं. सिद्धू टायरकडं बघत होता, राम शाळेच्या घंटेकडं. परत बसलो. परत शांतता. शेवटी राम म्हणाला की तू उतरलास की गाडी सरळ असते.

स्टिअरिंग उजवीकडं आहे त्याला मी काय करू? आमच्या घराण्याची हाडंच जड आहेत. सिद्धू म्हणाला डावीकडं सरकी पेंडीचं पोतं ठेव, बरोबरी होईल. ठेवलं. झाली.

येताना पोत्याच्या जागी मनिषा बसेल. ती पोत्याच्या निम्मीसुद्धा नाही. पण तिच्या मांडीवर पोरगी असेल, डिंकाच्या लाडवांचे डबे असतील. जमेल.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

सगळं तयार. गाडी धुतली, पोतं धुतल्या चादरीत गुंडाळलं. लासुर्ण्यात शिरताना कोपऱ्यावर पोतं काढून मेव्हण्याच्या मित्राकडं ठेवायचं आणि मग शेवटचं थोडं अंतर जरा डावीकडं कलून चालवायची.

आप्पा म्हणाले सकाळी आमच्याबरोबर जीपनं चल. मी म्हणालो तुम्ही व्हा पुढं. पाळणा चारला आहे. मला अर्धा तास पुरतो. नाव पाठ आहे. तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. गोठ्यात छान घुमतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नऊ. आई, आप्पा, ताई गेले. ताईनं जीपमधनं शेवटचं एकदा विचारलं. मी नुसता हात केला.

अकरा. निघण्याआधी मागनं एकदा बघितली. उजवीकडं अर्धं बोट कमी वाटतं. रात्रीत पाचर दबली असणार. अर्ध्या बोटासाठी काय अडत नाही. निघतो.

साडेअकरा. अर्धं बोटसुद्धा का म्हणून? सिद्धूला बोलावलं आहे. दहा मिनिटांचं काम.

एक. पाचर फुगली आहे की दबली आहे यावर सिद्धू आणि रामचं भांडण. राम बारशाचे कपडे घालून आलाय, हात लावत नाही.

अडीच. नवी पाचर. मोठी आहे. ठोकतोय.

सव्वातीन. कडकन आवाज. सिद्धू म्हणाला रस्त्यावर जीपचा टायर फुटला बहुतेक. जीप नव्हती. पाट्याची मुख्य पट्टीच तुटली. गाडी उजव्या चाकावर बसली, म्हैस बसते तशी, सावकाश. आता चार बोटं, सहा बोटं, मोजायचं कारणच नाही.

साडेतीन. मी गोठ्यात खाली बसलो आणि रडलो. लिहायला लाज कसली, कोण वाचतंय. राम म्हणत होता ऊठ, एसटी मिळेल. सिद्धू पाठीवरनं हात फिरवत होता, शर्टाचं वाटोळं झालं.

पावणेपाच. स्टँडवर. एसटी आली नाही.

साडेपाच. अजून नाही. दुधाचा टेम्पो लासुर्ण्याअलीकडच्या जंक्शन गावापर्यंत सोडतो म्हणाला. प्रत्येक डेअरीवर थांबतोय.

२६ फेब्रुवारी, लासुर्णे

पोचलो तेव्हा अंगणात चटया गोळा करत होते. पोरं घुगऱ्या खात होती. कुणी गाडीचं विचारलं नाही. मेव्हण्यानंसुद्धा नाही. त्यानं नुसतं तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यानं कुत्र्याचं काही काढलं असतं तर बरं झालं असतं.

साडेपाचपर्यंत वाट बघितली म्हणे. मग मनिषाच्या मामी म्हणाल्या दिवे लागायच्या आत पाळण्यात घालू या. बायकांना घरी जायचं होतं. ताईनं मनिषाला विचारलं, मनिषा म्हणाली मला सांगितलं न्हाय. मग ताईला येताना वाटेत कुठल्याशा हॉलवर मोठ्या अक्षरांत ‘सांस्कृतिक’ लिहिलेलं दिसलं होतं, ते आठवलं. तिनं बाळाच्या कानात सांगितलं, संस्कृती. सगळ्यांना आवडलं. ताईच्या पाठीत नेहमीपेक्षा जास्त धपाटे बसले, कुणाच्या वाटणीचे ते मला कळतं.

मनिषा खोलीत होती. तिच्या मांडीवर ती होती. मी हात पुढं केले. मनिषानं हातांकडं बघितलं आणि म्हणाली, “हात धुऊन या.”

रॉकेलनं धुतले, राखेनं धुतले, निरम्यानं धुतले. नखातलं ग्रीस निघेना. परत आलो तोवर पोरगी पलंगावर झोपली होती. नाक माझंच आहे. मी उभ्यानंच बघितलं.

मनिषानं विचारलं, तुम्ही कंचं नाव ठरवलं होतं?

मी म्हणालो, “हेच.”

तिनं पोरीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, बसा की. मी पलंगाच्या कडेला बसलो. पलंग माझ्या बाजूला जरा खाली गेला आणि पोरगी झोपेतच माझ्याकडं जरा कलली.

संस्कृती. हाक मारायला थोडं लांब पडतं. सकाळपासून म्हणून बघतोय.